सूर्याला जोडीदार असता तर...

शाळेत असताना 'सूर्य उगवला नाही तर...' या विषयावर निबंध लिहिला नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. मीही लिहिला. साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत, सातवीत. वर्गातल्या सगळ्यांचे निबंध अगदी जुळ्या भावंडांसारखे होते, कारण निबंधाचे पुस्तक वर्गात एकच होते आणि ते रात्रभर या घरून त्या घरी फिरले होते. सूर्याने उगवलेच पाहिजे, असा निष्कर्ष काढून आम्ही सर्वजण दहापैकी सहा गुणांना पात्र ठरलो.

त्याच्या उलटा प्रश्न मात्र आम्हाला कुणी घातला नाही. सूर्य एकाऐवजी दोन असते तर? हा प्रश्न मला पडला तो पदवीच्या शेवटच्या वर्षात येता येता, तेही परीक्षा संपल्यावर, गुण मिळण्याची काहीही शक्यता नसताना. कला शाखेच्या मुलीने ताऱ्यांच्या गणितात कशाला पडावे, असे वाचकांना वाटेल. दोष माझा नाही. माझ्या आजीचा आहे.

जून महिन्याचे पहिले दिवस होते. मृग लागायला आठवडा होता. दुपारी वावटळ सुटली, चार थेंब पडले आणि गावाची वीज गेली. रात्री घरात बसवेना, म्हणून मी आणि आजी तलावाच्या पाळीवर वाऱ्याला जाऊन बसलो. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. आमच्या गावालाही एक तलाव आहे आणि त्याच्या पाळीवरून दक्षिणेला अगदी क्षितिजापर्यंत धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात. त्या रात्री गावात एकही दिवा नव्हता. असा काळोख आता वर्षातून एखाद्या वेळीच वाट्याला येतो.

हिवाळ्यात आजीच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. त्या डोळ्याने तिला सगळे नवे नवे दिसत होते आणि ती लहान मुलासारखी हे काय, ते काय असे विचारत होती. पाळीवर बसल्या बसल्या तिने विचारले, "वशिष्ठ-अरुंधती कुठं हायेत वं?"

मी उत्तरेकडे पाहिले. तिकडे दुपारच्या वावटळीचा ढग अजून रेंगाळत होता. सप्तर्षी त्याच्या मागे होते. "थांब थोडी, ढग सरकू दे," मी म्हणाले. "पण आज अरुंधती कशी आठवली?"

तेव्हा आजीने एक गुपित सांगितले. तिच्या लग्नात रीतीप्रमाणे तिला अरुंधती दाखवली गेली. गुरुजींनी विचारले, दिसली का? डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, डोळे रडून रडून भरलेले. तिला अरुंधतीच काय, मांडवाचा खांबही दिसत नव्हता. मागून कुणीतरी चिमटा काढला आणि ती म्हणाली, दिसली. "पंचावन वर्सं झाली. सगळ्याइले वाटते मी पायली. मले आजलोक दिसली नाही."

आजोबांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांनाही हे तिने सांगितले नव्हते.

ढग सरकेपर्यंत वेळ काढायचा होता. मी परीक्षेनंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आणले होते. त्या पुस्तकामुळे आकाशाचा नाद लागला आणि पुढे जे मिळेल ते वाचत गेले. मी आजीला सांगू लागले, की तू जिला पाहायला निघालीस ती साधीसुधी बाई नाही. वसिष्ठ आणि अरुंधती हे दोन तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य कास्तेली याने दुर्बिणीतून वसिष्ठाकडे पाहिले, तेव्हा तो एकटाच दोन निघाला. पुढे १८८९ साली अमेरिकेतल्या पिकरिंग यांनी वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले, की त्या दोनांतला एक पुन्हा दोन आहे. मग दुसराही दोन निघाला. आणि २००९ साली कळले, की अरुंधतीलाही एक मंद सोबती आहे. म्हणजे लग्नात आपण नवरीला दोन दाखवतो, ते प्रत्यक्षात सहा आहेत आणि आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत.

आजी म्हणाली, "एवढा मोठा परिवार! मंग बिचारीले सासुरवास असंल."

मी सांगत राहिले. हिवाळ्यात दिसणारा व्याध आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तो आपल्या मार्गावर थोडा डुलत चालतो, हे पाहून बेसेल या जर्मन पंडिताने १८४४ साली सांगितले, की याच्यासोबत कुणीतरी न दिसणारे आहे. १८६२ साली तो सोबती अमेरिकेत दुर्बिणीतून दिसला. दोघे सुमारे ५० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. सूर्यासारखे जे तारे आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना असा जोडीदार आहे. आपला सूर्य मात्र एकटा.

"एकटाच काहून?" आजीने विचारले.

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९८४ साली काही शास्त्रज्ञांनी अशी कल्पना मांडली, की सूर्यालाही एक मंद, फार दूरचा जोडीदार असावा. तो सुमारे २ कोटी ६० लाख वर्षांनी जवळ येतो, धूमकेतूंचा वर्षाव करतो आणि पृथ्वीवरचे जीव मोठ्या संख्येने नष्ट होतात. त्याला 'नेमेसिस' हे ग्रीक सूडदेवतेचे नावही देऊन ठेवले. पुढे उपग्रहावरच्या अवरक्त दुर्बिणीने सगळे आकाश चाळले. असा तारा सापडला नाही. परंतु २०१७ साली सॅडवॉय आणि स्टालर या दोन शास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या एका जन्मस्थानाचा अभ्यास करून असे म्हटले, की सूर्यासारखे बहुतेक तारे जोडीनेच जन्मत असावेत आणि पुढे पुष्कळांची ताटातूट होत असावी. म्हणजे आपल्या सूर्यालाही जोडीदार असेल. तो केव्हाच निघून गेला असेल आणि आकाशगंगेच्या गर्दीत आता ओळखूही येणार नाही.

आपल्या पुराणात हे फार आधीच वेगळ्या तऱ्हेने सांगून ठेवले आहे. सूर्याची पत्नी संज्ञा हिला त्याचे तेज सोसवेना. ती आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. छायेचा मुलगा शनी. सूर्याच्या सोबतीला सावली तेवढी राहिली. पुराणकारांकडे दुर्बीण नव्हती, पण एकटेपणा कसा असतो ते त्यांना ठाऊक होते.

उत्तरेचा ढग अजून हलला नव्हता. दक्षिणेला मात्र आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. हात लांब केला, की क्षितिजापासून चार बोटांवर एक तेजस्वी तारा दिसत होता. नरतुरंगातला मित्र. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात तो डोक्यावर येतो. आमच्या भंडाऱ्यात मात्र ज्येष्ठाच्या सुमारास रात्री काही तास क्षितिजावरून डोकावून पुन्हा बुडतो. हा आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी एक, सुमारे ४.३ प्रकाशवर्षांवर. तो जोडतारा आहे, हे १६८९ साली आपल्याच देशात, पुदुच्चेरीला, रिशो नावाच्या फ्रेंच पाद्र्याने धूमकेतू पाहता पाहता शोधले. या जोडीतला मोठा तारा बराचसा आपल्या सूर्यासारखा. धाकटा थोडा नारिंगी, सूर्याच्या निम्म्या तेजाचा. दोघे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधले अंतर एक मानले, तर ते एकमेकांच्या ११ पट अंतरावर येतात आणि ३६ पटीपर्यंत दूर जातात.

इथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. तो धाकटा नारिंगी तारा उचलून आपल्या सूर्याजवळ आणून ठेवला तर? तलावाच्या पाळीवरून काय दिसेल?

पुढचे गणित त्या रात्रीचे नाही. ते मी नंतर भूगोलाच्या सरांना तीन दिवस छळून केले. सरांनी ते तपासले आणि 'हे तुला परीक्षेत का सुचत नाही?' असेही विचारले. तर ऐका.

पहिली गोष्ट, दुसरा सूर्य आपल्या सूर्यासारखा वाटोळा मोठा दिसणार नाही. जवळ आला तरी तो सूर्यबिंबाच्या जेमतेम तेराव्या हिश्शाएवढा दिसेल आणि दूर गेल्यावर तर नुसता ठिपका. पण तो ठिपका साधा नव्हे. जवळ असताना त्याचा उजेड सूर्याच्या सुमारे २४० व्या हिश्शाएवढा पडेल. हे ऐकायला थोडे वाटते. पण पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या सुमारे चार लाखांश असतो. म्हणजे दुसरा सूर्य जवळ असताना सोळाशे पौर्णिमांचा उजेड देईल आणि सर्वांत दूर असतानाही दीडशे पौर्णिमांचा. रात्री बारा वाजता अंगणात बसून वर्तमानपत्र वाचता येईल. सूर्य नुकताच बुडाल्यावर जी सांजवेळ असते, ती रात्रभर मुक्कामाला राहील. तुळशीपुढे दिवा लावायचा केव्हा, हा घरोघर वादाचा विषय होईल.

दुसरी गोष्ट, उन्हाळा फारसा वाढणार नाही. दुसरा सूर्य जवळ असतानाही उष्णतेत भर पडेल ती हजारी चार. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आम्हा विदर्भकरांना ती जाणवणारही नाही. मात्र दिवसा प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतील, एक ठळक आणि एक फिकट. चंद्रकोरीचा काळा भाग नारिंगी झाकेने उजळलेला दिसेल.

तिसरी गोष्ट सर्वांत मजेची. हा रात्रीचा उजेड वर्षभर राहणार नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षातून एकदा दुसरा सूर्य सूर्याच्या समोरच्या बाजूला येईल. तेव्हा एक मावळताना दुसरा उगवेल आणि रात्र अशी होणारच नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी दोघे एकाच दिशेला येतील, एकत्र उगवतील, एकत्र मावळतील आणि मग खरा काळोख पडेल. म्हणजे ऋतूंमध्ये आणखी एका ऋतूची भर पडेल, काळोखाची. आणि तो ऋतू दरवर्षी सरासरी चारपाच दिवसांनी पुढे सरकत जाईल. आजीच्या लग्नाच्या सुमारास दिवाळी गडद अंधारात येत असेल, तर माझ्या वेळेला तीच दिवाळी सांजउजेडात येईल आणि पणत्या फिक्या पडतील. म्हातारी माणसे सांगतील, आमच्या वेळी दिवाळीला अंधार असायचा, आता ती मजा राहिली नाही. आणि त्यांचे म्हणणे पहिल्यांदाच अक्षरशः खरे असेल. काळोखाचा ऋतू बाराही महिने फिरून मूळ जागी यायला ८० वर्षे लागतील. आपल्याकडे एवढ्या वयाला सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. त्या जगात ज्याने एक संपूर्ण फेरी पाहिली, त्याचा सत्कार करतील.

चौथी गोष्ट ज्योतिषांसाठी. दुसरा सूर्य इतक्या जवळ येत असेल, तर पृथ्वीची कक्षा टिकेल, पण गुरू आणि शनी यांच्या जागी कोणताही ग्रह फार काळ टिकू शकणार नाही. म्हणजे गुरुबळही नाही आणि साडेसातीही नाही. एका छायेच्या दोन छाया झाल्या, तर तिचा मुलगाच आकाशातून नाहीसा होईल!

हे सगळे गणित कागदावर उतरले, तेव्हा मी अगदी हरखून गेले होते. त्याला एक कारण होते. माझी आजी बिडी कामगार. आमच्या जिल्ह्यात ज्या हजारो बायकांनी बिड्या वळून घर चालवले, त्यांतली ती एक. दिवसा रोवणी, निंदण, कापणी. रात्री मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पाने आणि जर्दा, आणि समोर घासलेटची चिमणी. गावात वीज आली तरी आमच्या घरात ती फार उशिरा आली. बाबांची शाळेची फी, आत्याचे लग्न, सगळे त्या चिमणीच्या उजेडात वळले गेले. डोळे त्या धुरानेच गेले, असे आजी म्हणते. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू वयामुळे आहे. मला मात्र लहानपणापासून आजीचेच पटत आले आहे. म्हणून मला वाटले, दुसरा सूर्य असता तर चिमणी लागली नसती, धूर झाला नसता, आजीचे डोळे शाबूत राहिले असते. फुकटचा उजेड, कुणाच्याही अंगणात, जात-पात, गरीब-श्रीमंत न पाहता!

मी वही घेऊन आजीकडे गेले आणि तिला हे सगळे समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "नोको वं बाई थो दुसरा सूर्य."

"का गं?"

"घासलेट संपलं का चिमणी इझे. चिमणी इझली का हात थांबत. मंग आमी पाच-सात जनी पारीवर येऊन बसो. बोलो, हासो, एखादी रडून घे. थेवढाच वेळ आमचा होता. तुया सूर्यातलं घासलेट संपलंच नसतं, त आमचे हात कवा थांबले असते? ठेकेदारानं हजार बिड्याइचे दोन हजार केले असते. अना छाट म्हनून फेकाले त्याले उजेड बी चांगला भेटला असता!"

मी वही मिटली. सोळाशे पौर्णिमांचा हिशेब मी केला होता. त्या उजेडात कोण किती तास राबेल, हा हिशेब माझ्या गणितात आलाच नव्हता.

बाबा बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आणि धान कसा निसवेल?" मला आधी कळले नाही. मग आठवले. दोन वर्षांपूर्वी आमच्या बांधीच्या कोपऱ्यावर रस्त्याचा दिवा लागला. पांढरा लख्ख दिवा. त्या वर्षी सगळी बांधी निसवली, पिवळी झाली, कापणीला आली. पण दिव्याखालचा एक गोल तुकडा तसाच हिरवागार उभा राहिला. लोंबीच नाही. जुन्या भारी धानाला रात्र मोठी होऊ लागली, की फुलायची वेळ कळते. पावसाळा सरला, रात्र लांबली, आता दाणा धरायचा, हे त्याला काळोख सांगतो. दिव्याखालच्या धानाला ते कुणी सांगितलेच नाही. तो बिचारा श्रावणच चालू आहे असे समजून नुसता वाढत राहिला.

आता कुणी म्हणेल, की दोन सूर्यांच्या जगातला धानही त्या जगासारखाच घडला असता, माणसेही वेगळी घडली असती. ते खरेच आहे. आयझॅक असिमोव्ह या लेखकाची १९४१ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. तिच्यातल्या ग्रहावर सहा सूर्य आहेत आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनी एकदाच रात्र होते. तेव्हा तिथले लोक वेडे होतात. त्यांना अंधाराचे भय आहे, कारण त्यांची अंधाराशी ओळखच नाही. आमचा धान आणि आमची आजी मात्र या एकट्या सूर्याच्या जगात वाढले. दोघांनाही दाणा धरायला थोडा काळोख लागतो.

म्हणून मी अंधाराची स्तोत्रे गाणार नाही. आजीच्या चिमणीचा काळा धूर मी विसरलेले नाही आणि परीक्षेच्या दिवसांत वीज गेली, की मीही चडफडते. उजेड हवाच. पण तो केव्हा मालवायचा हे ज्याचे त्याच्या हाती असावे, एवढे मला या गणितातून कळले. ते कोणत्याही ताऱ्याच्या हाती नसावे आणि कोणत्याही ठेकेदाराच्याही.

पाळीवरच्या त्या रात्रीची गोष्ट अर्धी राहिली. साडेदहाच्या सुमारास उत्तरेचा ढग विरला आणि सप्तर्षी दिसू लागले. मी आजीच्या मागे उभी राहिले, तिचे डोके दोन्ही हातांनी धरून उत्तरेकडे वळवले, शेपटीकडून दुसरा तारा दाखवला आणि म्हणाले, डावा डोळा मीट. तिने पदराच्या टोकाने उजवा डोळा पुसला. बराच वेळ ती काही बोलली नाही. गावात कुठेही दिवा नव्हता. तलावात बेडूक ओरडत होते.

"दिसली," ती म्हणाली.

मला शंका आली. पंचावन्न वर्षांपूर्वीही ती असेच म्हणाली होती. मी विचारले, "कुठल्या बाजूला?"

"उजव्या अंगाले. बारीकशी. वशिष्ठाले चिकटून नाही. जराशी दूर बसली हाये."

बरोबर होते. अरुंधती उजव्याच बाजूला होती.

तेवढ्यात गावात वीज आली. रस्त्यावरचे दिवे एकदम पेटले, दोन घरांतून टीव्हीचे आवाज सुरू झाले आणि आकाशातले निम्मे तारे पुसले गेले. आजीने हात वर करून उजेड अडवला आणि तशीच उत्तरेकडे पाहत उभी राहिली.

"चाल आता," मी म्हणाले.

"थांब वं," ती म्हणाली, "आताच त भेटली."